किनाऱ्यावर तैलरंगात चित्र करताय? या चुका टाळा

होआकिन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराची (१८६३–१९२३) चित्रं पाहून कोकणात इझल (चित्राचा स्टँड) लावणारे बरेच जण पहिली चूक वेळेची करतात. सोरोयाचा व्हॅलेन्सियाचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. दुपार कलली की तिथे ऊन जमिनीकडून, समुद्राकडे पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतं आणि समोरची माणसं, शिडं, फेस उजळून निघतात. आपला समुद्र पश्चिमेला. तारकर्लीला संध्याकाळी पाच वाजता उभे राहिलात तर सूर्य थेट डोळ्यांत येणार आणि माणसांच्या नुसत्या काळपट आकृत्या दिसणार. सोरोयाचा तो प्रकाश आपल्याकडे सकाळी मिळतो. तोही जरा उशिराच, कारण मागे डोंगर आणि माडांची रांग असते. ऊन वाळूवर उतरेपर्यंत स्केच उरकून घ्या. संध्याकाळचं चित्रही जरूर करा, पण ते सावल्यांचं चित्र आहे हे धरूनच रंग घोळा.

भरतीचा हिशेब न करणं ही दुसरी चूक. तिथीची पाऊणपट ही भरतीची साधारण वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ओल्या वाळूतली प्रतिबिंबं रंगवायची असतील तर पाणी उतरत असतानाच बसा.

आता पांढऱ्याबद्दल. माझ्या मते किनाऱ्याची निम्मी चित्रं पांढऱ्यानेच बिघडतात. फेस पांढरा, शिड पांढरं, होडीचा पट्टा पांढरा, म्हणून सगळीकडे टायटॅनियम व्हाइट थेट नळीतून लागतो आणि चित्र खडूने काढल्यासारखं कोरडं दिसू लागतं. सोरोयाचं १९०९ मधलं पत्नी क्लोतिल्दे आणि मुलगी मारिया किनाऱ्यावर चालत असल्याचं चित्र नीट बघा. दोघींचे पोशाख पांढरे, पण त्या कापडात जांभळट, निळसर, पिवळट रंगच जास्त आहेत. शुद्ध पांढऱ्याजवळ जाणाऱ्या जागा मोजक्या. पारख करायची तर एक कोरा कागद उन्हात धरा आणि डोळे किलकिले करून सावलीतला फेस त्याच्याशी ताडून पाहा. फेस किती गडद आहे ते लगेच कळतं. चित्र आधीच खडूसारखं झालं असेल तर वर आणखी पांढरा चढवू नका. पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) थर खरवडून काढा, शेजारचं पाणी एक पायरी गडद करा आणि उन्हाच्या जागी पांढऱ्यात किंचित यलो ओकर (मातकट पिवळा) मिसळा.

चेहऱ्यांची गत याहून वाईट होते. ‘फ्लेश टिंट’ नावाची नळी घरीच ठेवा. तो फिका गुलाबी रंग रापलेल्या सावळ्या कातडीचा नाही. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ओकर आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) एवढ्यावर आपल्या माणसांचा रंग छान बांधता येतो. हनुवटीखालची सावली स्टुडिओतल्या सवयीने काळी करू नका, कारण तापलेल्या वाळूवरून परतलेला प्रकाश तिथे खालून पोचतो आणि ती सावली उबदार दिसते. उलट कपाळावर, खांद्यावर, ओल्या पाठीवर आकाश उतरतं. समुद्रातून आलेल्या पोराच्या पाठीवरची चमक मी कितीतरी दिवस पिवळट पांढरी रंगवत होतो. ती निळसर असते हे दिसल्यावर पाठ एकदम ओली वाटू लागली. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातलं वाळूत पालथ्या पडलेल्या मुलांचं सोरोयाचं चित्र या अभ्यासासाठी पुन्हापुन्हा पाहावं असं आहे.

साहित्याचं थोडक्यात. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेवा, तेलाचं प्रमाण वर चढत जाऊ द्या. उलट केलंत तर पुढे तडे जातात. नुसता झिंक व्हाइट टाळा, त्याचा थर काळाने ठिसूळ होतो. तैलरंग हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, त्यामुळे ओलं चित्र पावसाळ्यात बंद कपाटात कोंडू नका. तेल पिवळं पडतं आणि कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून, थेट ऊन लागणार नाही अशा उजेडाच्या खोलीत ते वाळू द्या. व्हार्निशला किमान सहा महिने थांबा, जाड थर असेल तर आणखी.

वाळू उडून रंगावर बसली तर ओल्या रंगावर फडकं फिरवू नका, कण आत रुततात आणि रंगही फरफटतो. सुकल्यावर कोरड्या ब्रशने झटका, उरलेले नखाने अलगद उचला. काही राहिले तर राहू द्या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८७० मध्ये फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर केलेलं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात त्या किनाऱ्याची वाळू आजही चिकटलेली आहे.