घरचं उटणं चेहऱ्याला बाधतं ते का? लिंबू, हळद, बेसन वापरताना या चुका टाळा

खायची वस्तू आहे म्हणजे कातडीला सौम्यच असणार, हा समज बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असतो. लिंबू जिभेवर क्षणभर राहतं आणि लाळ त्याला लगेच पातळ करते. गालावर मात्र तोच रस वीस-वीस मिनिटं बसतो. त्यामुळे डब्यातलं काय लावलं एवढंच विचारून भागत नाही. किती लावलं, किती वेळ ठेवलं आणि लावून उन्हात गेलात का, हेही विचारावं लागतं.

लिंबू: सगळ्यांत महागात पडणारी चूक

निरोगी त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण 4.7 ते 5.5 असतो, तर लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5. पीएचचा एक अंक उतरला की आम्लता दहापट होते. म्हणून रसात निम्मं पाणी घातलं तरी तो फारसा सौम्य होत नाही. एवढ्यानं चेहरा चुरचुरतो, पण खरा धोका वेगळाच आहे. लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी प्रतिक्रिया होते. ती लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, आग होते, कधी फोड उठतात आणि मागे तपकिरी डाग राहतात. हे डाग जायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. रस ओघळला असेल तर डागही ओघळासारखाच उमटतो. मधे दोन दिवस गेलेले असल्यानं लिंबाचा संशय कुणालाच येत नाही, आणि डाग घालवायला पुन्हा लिंबूच चोळलं जातं.

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीच्या उघड्या रानात दिवसभर काम करणाऱ्यांनी तर लिंबू चेहऱ्याला लावूच नये. 'रात्री लावून सकाळी धुतलं' हा उपायही आम्ही सुचवणार नाही. लोणच्यासाठी किंवा सरबतासाठी ढीगभर लिंबं चिरली असतील, तर बाहेर पडण्याआधी हात मनगटापर्यंत साबणानं धुवा. रस लावून झालाच असेल तर साबणपाण्यानं धुवा आणि तो भाग दोन दिवस उन्हापासून झाका. डाग पडला असेल तर तो घासू नका. रोज एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा आणि धीर धरा.

आंबटपणाच हवा असेल तर ताजं, गोडसर दही घ्या. एक चमचा, पाच ते आठ मिनिटं. दोन-तीन दिवसांचं आंबूस दही चेहऱ्याला नको.

खायचा सोडा

लिंबू एका टोकाला, तर सोडा दुसऱ्या टोकाला. त्याच्या पाण्याचा पीएच 8 च्या वर जातो. लावल्यावर चेहरा करकरीत स्वच्छ वाटतो, पण त्वचेवरचं किंचित आम्ल, तेलकट आवरणच निघून गेलेलं असतं. मग कोरडेपणा आणि खाज येते. लिंबू आणि सोडा एकत्र केल्यावर येणारा फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. त्यानं मळ निघत नाही. हळदीच्या लेपात सोडा पडला तर लेप लालसर होतो. हळद अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या द्रव्यात, रंग बदलते, त्याची ती खूण. असा लेप टाकून द्या.

हळद: चिमूट म्हणजे चिमूटच

दोन मोठे चमचे बेसनाला पाव छोट्या चमच्याच्याही निम्मी हळद पुरते. जास्त घातल्यानं गुण वाढत नाही, फक्त चेहरा दोन दिवस पिवळा राहतो. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून पिवळेपणा साबणानं खरवडत बसू नका. कापसावर खोबरेल किंवा साय घेऊन हलक्या हातानं पुसा, मग धुवा.

दुसरी चूक पुडीची. देव्हाऱ्यासाठी आणलेली हळद चेहऱ्याला लावू नका. पुडीवर 'खाण्यासाठी नाही' असं छापलेलं असतं, तेही बरेचदा बारीक कानडी किंवा इंग्रजी अक्षरांत, म्हणून ते नजरेतून सुटतं. पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत शिशाचं क्रोमेट हा विषारी पिवळा रंग मिसळल्याची प्रकरणं ठिकठिकाणी सापडली आहेत. अशी हळद खायलाही नको, लावायलाही नको. सांगलीची बाजारपेठ आपल्याला शेजारीच आहे. तिथली अख्खी हळकुंडं आणून घरी कुटणं किंवा दळून घेणं सगळ्यांत बरं. झगझगीत पॉलिश केलेली, हाताला चटकन रंग लागणारी हळकुंडं मात्र टाळा.

बेसन बिघडतं गिरणीत

बेसन लावल्या लावल्या चेहरा पेटला, तर दोष बेसनाला देण्याआधी दळण कुठं केलं ते आठवा. चैत्र-वैशाखात घरोघरी वर्षाचं तिखट होतं. लहान गावात एकाच ठिकाणी, कधी एकाच जात्यावर, संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरची आणि डाळ दोन्ही दळली जातात. आधीच्या मिरचीचा अंश तुमच्या पिठात उतरतो. भज्यात तो कळत नाही, पण डोळ्यांखाली लगेच कळतो. उटण्याची डाळ घरच्या मिक्सरमध्ये फिरवा आणि मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळा. मिरचीची आग झालीच तर आधी खोबरेल लावून पुसा, मग साबणानं धुवा. तिखटाचा अंशही तेलातच विरघळतो, नुसत्या पाण्यानं तो पसरतो.

लेप पूर्ण वाळू देणं ही नेहमीची चूक. वाळताना तो आक्रसतो, कातडी ओढतो, आणि मग आपण तो खरवडून काढतो. कडा सुकू लागल्या की, म्हणजे पाच ते सात मिनिटांत, पाण्याचा हात फिरवून ओला करा आणि धुऊन टाका. त्वचा कोरडी असेल तर पाण्याऐवजी दुधात किंवा सायीत कालवा. आठवड्यातून एकदा पुरे.

साखरेचा आणि मिठाचा स्क्रब चेहऱ्यावर नकोच. दाणे टोकदार असतात, बारीक ओरखडे उठतात. टाचांना आणि कोपरांना चालेल.

पावसाळा आणि थंडी

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात डब्यात ओल शिरते. कोरडं उटणं महिन्याभराचंच करा, काचेच्या घट्ट बरणीत ठेवा आणि कोरडाच चमचा घाला. गठ्ठे झाले, कुबट वास आला किंवा आळी दिसली, तर उन्हं दाखवून पुन्हा वापरू नका. पाणी, दूध किंवा दही घातलेला लेप त्याच वेळी संपवा. त्यात टिकवणारा कुठलाही पदार्थ नसतो, त्यामुळे फ्रिजमध्येही जंतू फक्त सावकाश वाढतात.

थंडीत खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. ते खराब नसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर धरू नका. मात्र ज्यांना पुरळ येतं त्यांनी खोबरेल हातापायांना लावावं, चेहऱ्याला नाही. छिद्रं बुजून पुरळ वाढू शकतं. मध रवाळ झाला म्हणजे भेसळ, असंही नाही. तोही कोमट पाण्यात सैल होतो. एक वर्षाखालच्या बाळाच्या ओठाला किंवा तोंडाजवळ मध लावू नका.

कच्ची लसूण, दालचिनी आणि व्हिनेगर मुरुमावर लावू नका. लसणीनं कातडी अक्षरशः भाजते.

नवं काहीही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावा, नेहमीइतकाच वेळ ठेवून धुवा आणि 48 तास थांबा. ॲलर्जी बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच उठते. लग्न किंवा दिवाळी उद्यावर आलेली असताना पहिला प्रयोग नको.

आग झाली तर दहा ते वीस मिनिटं गार, वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीच लावू नका. नंतर साधं व्हॅसलीन पुरे. फोड आले, डोळ्यात गेलं किंवा पापण्या सुजल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. श्वास लागत असेल तर क्षणभरही थांबू नका. जाताना लेपात काय काय घातलं होतं ते लिहून न्या आणि उरलेली पूडही पुडीसकट सोबत घ्या.