पाचवी सीडी कुठे गेली? जॅझचे बॉक्स सेट जमवताना या चुका टाळा

खोका घरी आला तेव्हा मी सगळ्यात आधी नंबर पाहिला. पाच हजार प्रतींतली एकोणीसशे कितवी तरी प्रत. तेवढ्यानेच मन भरलं. पुस्तिका चाळली, पहिली सीडी लावली, बायकोने विचारल्यावर किंमत निम्मी सांगितली आणि खोका कपाटात सरकवला. चार महिन्यांनी, गणपतीच्या सुट्टीत, पाचवी सीडी ऐकावी म्हणून डबी उघडली तर आत तिसरी. तिसऱ्या क्रमांकाच्या डबीतही तिसरीच. परदेशातल्या विक्रेत्याला कळवलं, त्याने अगदी सभ्यपणे उत्तर दिलं की तक्रारीची मुदत कधीच संपली, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्यानंतर बरेच खोके आले, काही गेले. नवीन जमवणारे जे विचारतात त्यातलं बहुतेक मी स्वतः चुकून शिकलोय, म्हणून लिहून ठेवतो.

नंबर बघता, माल बघत नाही

मर्यादित आवृत्तीचे जॅझ संच म्हटलं की पहिलं नाव येतं मोझेइक रेकॉर्ड्सचं. मायकेल कस्कूना आणि चार्ली लॉरी या दोघांनी सुरू केलेली ही अमेरिकन कंपनी. १९८३ साली पियानोवादक थेलोनियस मंकच्या ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठीच्या सगळ्या रेकॉर्डिंगांचा चार एलपींचा (मोठ्या काळ्या तबकड्यांचा) संच काढून त्यांनी सुरुवात केली. दुकानात माल ठेवायचा नाही, टपालाने थेट ऐकणाऱ्याकडे पाठवायचा, प्रत्येक संचावर क्रमांक, आणि ठरलेल्या प्रती संपल्या की विषय संपला.

आता हे ‘मर्यादित’ प्रकरण नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथेच होतात. ही मर्यादा मुख्यतः कराराची आहे. मूळ टेपा दुसऱ्या कंपनीच्या मालकीच्या. मोझेइक त्या ठरावीक प्रतींसाठी, ठरावीक मुदतीसाठी वापरायला घेतं. मुदत संपली की खोका बंद होतो, पण टेपा मूळ मालकाकडेच राहतात आणि त्याला वाटेल तेव्हा तो त्या पुन्हा काढतो. मंकचं तेच झालं. मोझेइकचा संच संपल्यावर ब्लू नोटने स्वतःच १९९४ साली चार सीडींचा संच बाजारात आणला. म्हणजे दुर्मिळ असतो तो खोका. संगीत बऱ्याचदा फिरून येतं. २०१९पासून ब्लू नोटची टोन पोएट मालिका चालू आहे, तिच्यात जुने अल्बम मूळ टेपांवरून एकेक एलपी करून निघतात. एखाद्या संचातले दोनच अल्बम हवे असतील, तर ते आधी तिथे शोधा.

आणि क्रमांक ४५ असो की ४५००, आवाज तोच. कमी क्रमांकासाठी जास्त पैसे मोजणारे लोक आहेत. गाडीच्या ३३३३ नंबरासाठी मोजणारेही आहेत.

‘कम्प्लीट’ म्हणजे कशाचं कम्प्लीट?

पाठीवर ‘कम्प्लीट’ लिहिलेलं असतं, आणि आपण समजतो आता या माणसाचं सगळं आलं. नाही. ते एका कंपनीपुरतं पूर्ण असतं. मंकचंच घ्या. ब्लू नोटचा काळ १९४७ ते १९५२. मग प्रेस्टिज, मग १९५५पासून रिव्हरसाइड, १९६२पासून कोलंबिया. एकट्या रिव्हरसाइडचा संच पंधरा सीडींचा आहे. ब्लू नोटचा संच घेऊन त्यात ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ शोधत बसलेला एक मित्र मला माहीत आहे. तो अल्बम रिव्हरसाइडचा.

दुसरं, हे संच सहसा सेशनच्या, म्हणजे स्टुडिओतल्या एकेका बैठकीच्या, क्रमाने लावलेले असतात. एकाच दिवशी एकाच धूनचे तीन टेक, म्हणजे तीनदा केलेलं रेकॉर्डिंग, घेतले असतील तर ते तिन्ही पाठोपाठ ऐकू येतात. अभ्यासाला सोन्यासारखं, पण रविवारी सकाळी चहाबरोबर लावायला वैताग. पहिल्या आठवड्यात ‘एकच गाणं किती वेळा’ असं घरातून ऐकू आलं की खोका नावडता होतो. यावर साधा उपाय: मूळ एलपीवर जो क्रम होता तो पुस्तिकेत बघून स्वतःची यादी करा आणि तशी ऐका. पर्यायी टेक वेगळे, वेळ असेल तेव्हा.

या हव्यासाचं टोक म्हणजे डीन बेनेडेट्टीचा संच. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या मागे वेडा होता. १९४७-४८ साली लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत बसून त्याने पार्करचं वादन टिपलं. पण टिपलं ते जवळजवळ फक्त पार्करचंच. पार्करचा सोलो संपला की यंत्र बंद. बाकीचे वाजवताहेत तोवर तबकडी आणि टेप वाचवायची. मोझेइकने १९९० साली सात सीडींत हे सगळं काढलं. पार्कर मनसोक्त ऐकून झालेल्या माणसाला हा खजिना आहे. पार्करची ओळख करून घ्यायला म्हणून कुणी हा पहिला संच घेतला, तर तो जॅझच सोडून देईल.

दोष खोक्यात आहे की टेपमध्ये?

परत पाठवायची घाई करण्याआधी पुस्तिका वाचा. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकूटाने २५ जून १९६१ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये दिवसभरात पाच सेट वाजवले. त्याच्या पूर्ण संचात ‘ग्लोरियाज स्टेप’चा पहिला टेक मध्येच तुटतो. सीडी खराब नाही, वीज गेली होती. तो तुकडा पूर्वी काढून टाकला जायचा, पूर्ण संचात मुद्दाम ठेवलाय. बेसवाला स्कॉट लाफॅरो त्यानंतर अकराच दिवसांनी अपघातात गेला, हे माहीत असलं की तो खंडही वेगळा ऐकू येतो.

याउलट उदाहरण ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमचं. मार्च १९५९च्या पहिल्या सेशनला टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे बरोबर वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही धुना जराशा चढ्या पट्टीत ऐकू यायच्या. तीसहून अधिक वर्षं जगाने त्या तशाच ऐकल्या. १९९२च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. जुनी एलपी लावून सोबत पेटी वाजवायला बसलात आणि सूर जुळेना, तर पेटीवाल्याकडे जाऊ नका.

जुना खोका घेताना काय विचारायचं

विक्रेत्याने ‘नियर मिंट’ (जवळजवळ नवाकोरा) लिहिलं की लोक डोळे मिटून पैसे भरतात. ती श्रेणी कशाची? खोक्याची, पुस्तिकेची की तबकड्यांची? सात सीडींच्या संचाला एकच शेरा म्हणजे सात मुलांच्या वर्गाला एकच मार्क. मी आता हे मागतो: सगळ्या सीडी एका ओळीत, क्रमांक दिसतील असा एक फोटो आणि उलट्या करून दुसरा. पुस्तिकेचं शेवटचं पान. खोक्याचे चारही कोपरे. एलपी असतील तर मधल्या लेबलालगतच्या कोऱ्या भागावर कोरलेले अंक. आणि शेवटचा प्रश्न, वास येतो का? कुबट किंवा सिगारेटचा. हा प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

पार्सल आल्याच्या दिवशीच, फोनवर व्हिडिओ चालू ठेवून खोका उघडायचा. प्रत्येक डबीतली सीडी त्या डबीचीच आहे ना, हे बघायला पाच मिनिटं लागतात. माझ्याकडे ती पाच मिनिटं नव्हती.

किंमत ठरवताना डिस्कॉग्ज या रेकॉर्ड विक्रीच्या वेबसाइटवर मागितलेले भाव बघू नका. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. तिथेच आधी झालेल्या विक्रीचा इतिहास असतो, सर्वांत कमी, मधला, सर्वांत जास्त. मधला धरून चाला.

युरोपातून येणाऱ्या स्वस्त संचांबद्दल एवढंच, की १९६३च्या आधी प्रकाशित झालेल्या रेकॉर्डिंगांवरचा हक्क तिथे संपलेला आहे. त्यामुळे कोणीही ‘आठ अल्बम चार सीडींत’ काढू शकतो, वर ‘लिमिटेड’ छापू शकतो. बेकायदा काही नाही. पण अशा संचाच्या मागे मूळ टेप असेलच असं नाही, कधी कधी सरळ जुन्या सीडीवरूनच उतरवलेलं असतं. टेप कुठली आणि मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावरचं शेवटचं काम) कोणी केलं हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर त्या हिशेबाने पैसे द्या.

एलपीवाल्यांचा ‘पूर्ण अॅनालॉग’चा, म्हणजे टेपपासून तबकडीपर्यंत कुठेही डिजिटल नको असा, आग्रहही थोडा तपासून घ्यावा. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी अॅनालॉगसाठी प्रसिद्ध होती. २०२२ साली उघड झालं की तिच्या कित्येक महागड्या एलपींच्या साखळीत एक डिजिटल टप्पा होता. ग्राहक कोर्टात गेले, तडजोड झाली. संताप समजू शकतो, कारण खरं सांगितलं नव्हतं. पण ज्यांनी आवाजाची तोंडभरून स्तुती केली होती, त्यांचे कान आदल्या दिवशी तेच होते.

टपालखर्च आणि कस्टम

मोझेइकचा संच सीडींचा असला तरी खोका एलपीच्या मापाचा असतो, कारण पुस्तिका मोठी. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ४२ गुणिले ४२ गुणिले १६चं पार्सल साडेपाच किलोच्या वर जातं, आत माल दोन किलोचा का असेना. कस्टम ड्युटीही नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसते, वाहतूक आणि विमा धरून असते. आणि विक्रेत्याला ‘गिफ्ट लिहा’ म्हणून सांगू नका. भेटवस्तू म्हणून मिळणारी सूट डिसेंबर २०१९मध्येच बंद झाली. खोटं लिहिलेलं पार्सल अडकलं तर सोडवून आणताना खोक्यापेक्षा जास्त मनस्ताप होतो.

मुंबईचा पावसाळा

हा खरा शत्रू, आणि परदेशी सल्ल्यांत याचा पत्ता नसतो. आमचं घर मुलुंडला, डोंगराच्या बाजूला. जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो.

सीलबंद खोका तसाच ठेवणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक. वरचं श्रिंक-रॅप कालांतराने आणखी आवळतं, एलपी वाकवतं आणि आतली ओल आतच कोंडून ठेवतं. बाहेरून खोका कोरा दिसतो, आत बुरशी. पुस्तिकेचा चकचकीत कागद दमट झाला की पानं एकमेकांना चिकटतात. ओढून सोडवायला गेलात की ब्लू नोटचा छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फने टिपलेल्या चेहऱ्याचा अर्धा भाग समोरच्या पानावर जातो. वेष्टण काढा. महिन्यातून एकदा, ऊन असेल त्या दिवशी, खोका उघडून पुस्तिका चाळा. ऐकत असाल तर हे आपोआपच होतं.

जुन्या जाड सीडी-डब्यांत स्पंजचा चौकोन असायचा. तो वर्षांनी विरघळून चिकट होतो आणि सीडीच्या छापील बाजूला बसतो. लोक चमकती बाजू जपतात, पण नाजूक असते ती छापील बाजू, चमकणारा थर तिच्या लगेच खाली असतो. स्पंज दिसला की आजच काढून टाका. आधीच चिकटला असेल तर नखाने खरवडू नका, आधी त्या सीडीची कॉपी करून घ्या.

१९८८ ते १९९३मध्ये इंग्लंडात ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात बनलेल्या बऱ्याच सीडींना तांबूस रंग चढला, कारण वरचं लॅकर कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही. आतल्या कड्यावर ‘पीडीओ’ असेल तर सीडी उजेडात धरून बघा. तांबूसपणा बाहेरच्या कडेने सुरू होतो आणि सीडी आतून बाहेर वाजते, म्हणून आधी शेवटच्या धुना अडखळतात.

डांबरगोळ्या! साड्यांच्या कपाटात खोके ठेवणाऱ्यांनो, त्या वाफेने सीडीच्या कडक डब्या मऊ पडून डागाळतात आणि पुस्तिकेला जो वास लागतो तो जन्मात जात नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. एलपींना मऊ पीव्हीसीचं कव्हर घालू नका, त्यातून निघणारं द्रव्य तबकडीवर धुरकट थर धरतं. पॉलिथीनचं साधं कव्हर चालतं. खोके उभे ठेवा, पण भिंतीला टेकवून नको.

एक मात्र राहून राहून वाटतं. गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचा. त्याच्यासारख्यांच्या जुन्या तबकड्या अजून चोरबाजारात हाताला लागतात. त्यांचा असा सेशनवार, पुस्तिकेसकट खोका कोणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही. निघाला तर मी नंबर बघणार नाही.

बाकी माझ्या त्या संचाची पाचवी सीडी अजून मिळालेली नाही. दोन तिसऱ्या मात्र आहेत. म्हणजे कुणाकडे तरी दोन पाचव्या असणार. त्याने अजून डबी उघडून पाहिली नसेल.