ट्रॅकरवर गाणं बांधताय? सोबतच्या टूल्समधल्या या चुका टाळा

ट्रॅकर म्हणजे रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजांपासून, म्हणजे सॅम्पलपासून, गाणं बांधायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर. त्यात गाणं आडवं नाही, वरून खाली लिहिलं जातं. प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक चॅनल, आणि प्रत्येक ओळीत स्वर, वाद्याचा क्रमांक, आवाजाची पातळी आणि एखादी कमांड. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर केला, तेव्हा हाताशी चार चॅनल आणि ८ बिटचे सॅम्पल एवढंच होतं. आज ओपनएमपीटी, मिल्कीट्रॅकर आणि शिझम ट्रॅकर फुकट मिळतात आणि जुनाट लॅपटॉपवरही सुरळीत चालतात. ज्या शहरात ढोल अंगात भिनलेला आहे, त्या नाशिकमधल्या पोरांनी हे हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

पण ट्रॅकर एकटा पुरत नाही. रेकॉर्डिंग फोनवर होतं, काटछाट ऑडॅसिटीत, एकदम पन्नास फाइली बदलायच्या तर कमांडवर चालणारं सॉक्स, वर प्लगइन, आणि शेवटी प्लेअर व एन्कोडर. मदत मागायला येणाऱ्यांच्या तक्रारी ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक ट्रॅकरला दोष देतात, आणि बिघाड मात्र फाइल एका टूलमधून दुसऱ्यात जाताना झालेला असतो. तेव्हा प्रत्येक टप्प्यावर फाइल उघडून ऐकायची सवय लावा. खालच्या बहुतेक चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात.

मिरवणुकीत सॅम्पल गोळा करणं

वाकडी बारवपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत फोन उंच धरून केलेलं रेकॉर्डिंग आठवण म्हणून छान, सॅम्पल म्हणून निरुपयोगी. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत आवाज दोन्ही भिंतींवरून परत येतो, ताशा ढोलावर चढतो, आणि फोन स्वतःच आवाजाची पातळी वरखाली करत राहतो. त्यामुळे पहिला ठोका फुटतो आणि पुढचे दबतात. फुटलेला आवाज कोणत्याही टूलने पूर्ववत होत नाही.

त्यापेक्षा गणेशोत्सवाआधी मोकळ्या मैदानावर सराव चालतो तेव्हा पथकप्रमुखांना विचारून एका वादकाची दहा मिनिटं मागा. थापेचे वेगळे, टिपरूचे वेगळे, हलके-मध्यम-जोरकस असे सुटे ठोके घ्या आणि प्रत्येक ठोक्याची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, पूर्ण विरू द्या. ताशासाठी फोन चांगला लांब ठेवा. रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह फॉरमॅट निवडा, आणि आवाज आपोआप सारखा करण्याची किंवा गोंगाट कमी करण्याची सोय असेल तर ती बंद करा. ती सोय बोलण्यासाठी असते. ढोलाची आस तिला गोंगाटच वाटते.

फाइल मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस नोट केलीत की आवाज आवळला जातो, आणि ताशाच्या काडीची धार तिथेच संपते.

प्रत्येक ठोका वेगवेगळा नॉर्मलाइज करणं

ऑडॅसिटीत बारा ठोके बारा ट्रॅकवर ठेवून सगळ्यांवर नॉर्मलाइज (प्रत्येकाचा आवाज एकाच ठरलेल्या पातळीवर नेणारी सोय) चालवलं की हलकी थाप जोरकस थापेइतकीच मोठी होते. मग ट्रॅकरमध्ये व्हॉल्यूम कॉलम भरून तोच फरक हाताने परत आणत बसावं लागतं, आणि तो कधीच तसा येत नाही. सगळे ट्रॅक एकत्र निवडून ॲम्प्लिफाय वापरा. सगळ्यांना सारखीच वाढ मिळते आणि वादकाच्या हातातला चढउतार शाबूत राहतो. नॉर्मलाइजचा उपयोग आधी एकदा करा, तोही फक्त डीसी ऑफसेट, म्हणजे शून्यरेषेवरून सरकलेली लहर, जागेवर आणण्यासाठी.

‘टक्’ कुठून येतो ते न शोधता इक्वलायझर लावणं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी सॅम्पल एडिटरमध्ये तो एकटा ठोका वाजवा. सुरुवातीलाच टक् ऐकू आला तर कट शून्यरेषेवर नाही. ऑडॅसिटीत कट करण्याआधी झेड दाबलं की निवड जवळच्या शून्यरेषेवर सरकते. शेवटी आला तर आस विरण्याआधीच कापली आहे, शेवटच्या काही मिलिसेकंदांना फेडआउट द्या. एकटा ठोका स्वच्छ वाजतो आणि पॅटर्नमध्येच (ट्रॅकरच्या ओळींच्या तक्त्यात) टक् येतो, तर मात्र सॅम्पल निर्दोष आहे. ट्रॅकरमध्ये एका चॅनलवर नवा स्वर आला की आधीचा कापला जातो. ढोलाची घुमणारी आस मध्येच तुटते, ती तुम्हाला ऐकू येते. ठोके दोन चॅनलवर आलटून पालटून लिहा. इम्पल्स ट्रॅकरच्या आयटी फॉरमॅटमध्ये काम करत असाल तर इन्स्ट्रुमेंटमध्ये नवा स्वर आल्यावर जुन्याने हळूहळू विरावं अशी सूचना देता येते. एमओडी आणि एक्सएम या ट्रॅकरच्या दुसऱ्या दोन फाइल फॉरमॅटमध्ये ती सोय नाही.

भांडी बाजारात पितळी घंगाळावर किंवा तांब्याच्या हंड्यावर बोटाने टिचकी मारून बघा, तो नाद किती वेळ चालतो ते. असे लांब नाद घेताना हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच दोन-तीन चॅनल राखून ठेवा.

काळी एकचा तानपुरा पांढऱ्या एकवर बसवणं

ट्रॅकरच्या दृष्टीने सॅम्पल म्हणजे मधला सी, आपली पांढरी एक. तुम्ही रेकॉर्ड केलेला तानपुरा काळी एकमध्ये लावलेला असेल, तर सी दाबल्यावर काळी एक वाजेल आणि बाकीच्या वाद्यांशी भांडेल. इथे बरेच जण ऑडॅसिटीत पिच बदलतात. ते करू नका. ते टूल आवाज तुकड्यातुकड्याने ताणतं आणि जवारीची झार पुसट होते.

ट्रॅकरमध्येच सॅम्पलची वारंवारता बदला. रेकॉर्डिंग ४४१०० हर्ट्झचं असेल आणि सूर काळी एकचा असेल, तर त्याला एक श्रुती नव्हे, एक पूर्ण अर्धस्वर खाली आणायचं आहे. ४४१०० ला १.०५९४६ ने भागा, ४१६२५ येतात. ओपनएमपीटीच्या सॅम्पल टॅबमध्ये सी-५ च्या वारंवारतेच्या रकान्यात हा आकडा टाका, झालं. दोन अर्धस्वर असतील तर दोनदा भागा. सूर सी पेक्षा खालचा असेल तर गुणा. एक्सएममध्ये हाच बदल रिलेटिव्ह नोट आणि फाइनट्यूनने होतो. उरलेला बारीक फरक कानाने लावा, एका चॅनलवर हार्मोनियमचा सा लांब धरून. ट्यूनर टूल्स तानपुऱ्यावर फसतात, कारण तिथे चार तारांचे स्वर एकात एक मिसळलेले असतात.

लूपही इथेच बिघडतो. एकाच तारेच्या नादावर लूप लावला तर तानपुरा वाटतच नाही. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज असं पूर्ण आवर्तन घ्या, लूपची सुरुवात पहिल्या तारेच्या छेडीच्या किंचित आधी ठेवा आणि ओपनएमपीटीतलं लूप क्रॉसफेड वापरा. लूपच्या खुणा ट्रॅकरमध्येच लावा. ऑडॅसिटीतून वेव्ह पुन्हा एक्सपोर्ट केली की फाइलमधल्या लूपच्या खुणा जातात, आणि लोकांना वाटतं ट्रॅकरने त्या खाल्ल्या.

जागेचाही विचार करा. असं पाच सेकंदांचं आवर्तन ४४१०० हर्ट्झ, १६ बिट मोनोमध्ये ४,४१,००० बाइट होतं. एमओडीत एका सॅम्पलची मर्यादा जेमतेम १२८ किलोबाइट आहे, आणि बिटही आठच. तेच आवर्तन १६५७४ हर्ट्झ, ८ बिटवर आणलं तर ८३ हजार बाइटच्या आत बसतं. अमिगाच्या पाल (टीव्ही प्रणालीच्या) गणितात प्रोट्रॅकर या जुन्या ट्रॅकरमधल्या सी-३ ची वारंवारता हीच. हे रूपांतर सॉक्सने किंवा ऑडॅसिटीच्या रीसॅम्पलने करा, ती टूल्स वरच्या नको असलेल्या कंप्रता आधी गाळतात. नुसते मधले नमुने गाळून वारंवारता घटवणारं टूल वापरलंत तर खणखणीत खोटे स्वर आत शिरतील.

टेम्पो कॅल्क्युलेटरवर डोळे मिटून विश्वास

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही चूक, कारण आपल्या तालांचं खरं नुकसान इथे होतं. बहुतेक कॅल्क्युलेटर स्पीड (एका ओळीतल्या टिक, म्हणजे वेळेच्या बारीक भागांची संख्या) ६ आणि एका ठोक्याला चार ओळी असं गृहीत धरतात. त्या हिशोबात टेम्पो १२५ म्हणजे मिनिटाला १२५ ठोके. खरं सूत्र असं: २४ गुणिले टेम्पो, भागिले स्पीड आणि एका मात्रेच्या ओळी यांचा गुणाकार, म्हणजे मिनिटाच्या मात्रा. (ओपनएमपीटीच्या मॉडर्न टेम्पो मोडला हे लागू नाही.)

आता तीनताल घ्या. सोळा मात्रा, मात्रेला चार ओळी, बरोबर ६४ ओळींचा पॅटर्न. एमओडीचा पॅटर्न ६४ ओळींचाच असतो, म्हणून तीनताल त्यात चपखल बसतो. दुगुन, चौगुनही बसते. पण तिगुन? चार ओळींचे तीन सारखे भाग होत नाहीत. मग लोक नोट डिले (स्वर किंचित उशिरा वाजवणारी कमांड) लावत बसतात आणि तिगुन लंगडते.

स्पीड ४ करा आणि मात्रेला सहा ओळी द्या. सूत्रात घालून बघा, चार गुणिले सहा चोवीस, म्हणजे टेम्पोचा आकडा आणि मात्रांचा आकडा एकच राहिला. दुगुन दर तीन ओळींनी, तिगुन दर दोन ओळींनी. तिगुन आणि चौगुन दोन्ही हवी असेल तर स्पीड २ आणि मात्रेला बारा ओळी. तीनतालाचं आवर्तन तेव्हा १९२ ओळींचं होतं. एक्सएमला २५६ पर्यंत चालतात, मूळ इम्पल्स ट्रॅकरला २००, म्हणजे दोन्हीकडे बसतं. एकच लक्षात ठेवा. स्वर सरकवण्याच्या कमांड ओळीच्या पहिल्या टिकवर काम करत नाहीत, म्हणून स्पीड २ वर मींड खडबडीत होते आणि स्पीड १ वर होतच नाही. मींडेचा भाग स्पीड ६ वर लिहा.

रूपकच्या सात मात्रा, चार ओळींनी २८. एक्सएममध्ये पॅटर्नची लांबी २८ करा. मूळ इम्पल्स ट्रॅकरला ३२ पेक्षा लहान पॅटर्न चालत नाही, तिथे दोन आवर्तनं मिळून ५६ लिहा. एमओडीत २७ क्रमांकाच्या ओळीवर डी०० ही पुढच्या पॅटर्नवर उडी मारणारी कमांड टाका, मोजणी शून्यापासून असते. आणि इथे एक खड्डा आहे: ट्रॅकरमधल्या बहुतेक कमांडचे आकडे हेक्स, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या आधाराने मोजलेले, पण एमओडी आणि एक्सएममध्ये या डी कमांडचा आकडा साधा दशमान वाचला जातो. डी१० म्हणजे दहावी ओळ, सोळावी नाही. आयटीत हीच कमांड सी या अक्षराने येते आणि तिथे आकडा हेक्स असतो. एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात हाताने उतरवताना सम चुकते ती यामुळे.

विलंबितासाठी टेम्पो खूप खाली नेऊ नका, ३२ च्या खाली तो जातच नाही. एमओडी आणि एक्सएममध्ये टेम्पो ठरवणाऱ्या एफ कमांडला त्याहून लहान आकडा दिला तर तो स्पीड समजला जातो आणि गाण्याचा वेग भलताच होतो. टेम्पो ६० ठेवून स्पीड १२ करा, मिनिटाला ३० मात्रा मिळतील.

तयार लूप ताणून बसवणं

ढोलाचा लूप टेम्पोला जुळत नाही म्हणून टाइम-स्ट्रेच लावू नका, ठोक्याची टोकं बोथट होतात. लूप ठोक्याठोक्याने कापा किंवा ९ ही ऑफसेट कमांड (सॅम्पल मधूनच सुरू करणारी) वापरा. ती २५६ नमुन्यांच्या पायऱ्यांनी चालते आणि एमओडी-एक्सएममध्ये ६५,२८० च्या पुढे पोहोचत नाही. ४४१०० हर्ट्झवर हे जेमतेम दीड सेकंद. लांब लूपचा शेवटचा ठोका वाजत नाही तो याच कारणाने.

सेव्ह, प्लगइन आणि एक्सपोर्ट

प्लगइनची सेटिंग मॉड्यूलमध्ये (ट्रॅकरच्या गाण्याच्या फाइलमध्ये) राहते, प्लगइन नाही. दुसऱ्याच्या संगणकावर तो सूर गायब होईल. गाणं पाठवायचं असेल तर प्लगइनचा आवाज आधी सॅम्पल करून घ्या.

ओपनएमपीटीत एक्सएम किंवा आयटी करून इतरांना देताना साधं सेव्ह न करता कंपॅटिबिलिटी एक्सपोर्ट वापरा, आणि फाइल एक्सएमप्ले व व्हीएलसी दोन्हींत ऐका. तुमच्याच ट्रॅकरमध्ये बरोबर वाजतंय हा पुरावा पुरेसा नाही. क्लीनअप चालवण्याआधी वेगळ्या नावाने प्रत ठेवा, कारण अजून न वापरलेले ठोके ते बिनदिक्कत काढून टाकतं.

वेव्ह काढल्यावर शेवटच्या ठोक्याची आस कापलेली आढळली तर गाण्याच्या शेवटी एक रिकामा पॅटर्न जोडा. ऑडॅसिटीत फाइंड क्लिपिंग चालवा. आवाज फुटल्याच्या खुणा दिसल्या तर वेव्हचा आवाज कमी करून काही साधणार नाही, ट्रॅकरमध्ये ग्लोबल व्हॉल्यूम उतरवून पुन्हा काढा. गेमसाठी अखंड फिरणारं गाणं हवं असेल तर एमपी३ टाळा. तो एन्कोडर पुढेमागे थोडी शांतता घालतो आणि दर फेरीला लय अडखळते. ऑग व्हॉर्बिस वापरा.

शेवटचं, सॅम्पलची नावं. एमओडी आणि एक्सएममध्ये नावाला २२ बाइट असतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. शिवाय हे जुने फॉरमॅट युनिकोड ओळखत नाहीत. ‘ढोल थाप जोरकस’ असं लिहिलंत तर समोरच्याला प्रश्नचिन्हं दिसतील. फाइलच्या आत छोटी रोमन नावं ठेवा. ज्या पथकाने, ज्या वादकाने ठोके दिले त्यांची नावं, वाद्याची पट्टी आणि रेकॉर्डिंगची तारीख देवनागरीत वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, यूटीएफ-८ निवडून सेव्ह करा आणि मॉड्यूलसोबत त्याच झिपमध्ये घाला.