पट्टी कुणाची, गळा कुणाचा

शास्त्रीय गाणं नुकतंच शिकू लागलेल्यांसाठी लिहितेय. अलंकार, दोन-चार राग झालेत असं धरते. माझी सात वर्षं एकाच चुकीत गेली, तेवढंच सांगायचंय.

माझा आवाज जाड. शाळेत 'दादल्याचो आवाज', म्हणजे पुरुषी आवाज म्हणून चिडवायचे. फोंड्याला क्लासला जायचे. तिथे पेटी एक, मुली बारा, आणि सगळ्यांना काळी पाच, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवरचा सा. मलाही तीच हवी होती. उंच पट्टी म्हणजे गोड गळा, अशी समजूत! शिवाय किशोरीताईंची (किशोरी आमोणकर) रेकॉर्डिंग ऐकून त्यांची मींड, त्यांचा श्वाससुद्धा घोटलेला. लोक 'अगदी तश्शीच' म्हणायचे, मी फुलायचे. मग एका जत्रेत तार गंधारावर आवाज चिरकला. पण खरं लागलं ते नंतर. घरी त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं तर आजीने विचारलं, "हें कोण गायता गो?"

तर पट्टी. सा झेपेल त्याहून उंच धरला की तार सप्तकात गळा आवळतो. आवळलेल्या गळ्यातून सूर कसाबसा निघतो, रंग निघत नाही. मग रंग उसना आणावा लागतो. माझी नक्कल अशी सुरू झाली, भक्तीतून नव्हे. उलट सा फार खाली घेतला तर मंद्रात नुसती हवा. म्हणून पेटी बंद करा, तानपुरा लावा. मंद्र पंचम भरीव लागतो का, आणि त्याच पट्टीत तार मध्यमावर हनुवटी न उचलता आकार टिकतो का, ते बघा. सकाळी गळा जड असतो, संध्याकाळी मोकळा. आठवडाभर दोन्ही वेळा बघा. मी तीन पट्ट्या उतरून पांढरी पाचला आले. पहिल्या दिवशी हरल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रोज पाच मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला स्वतःचाच आवाज सहन होणार नाही. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. गाताना आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो.

नक्कल वाईट नाही, पहिली दोन-तीन वर्षं तीच शिकवते. पण केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर एकामागून एक ऐका. दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या, पण केसरबाईंचा तो भरदार आकार आणि मोगूबाईंचं लयीशी चाललेलं बारीक बोलणं, गल्लत होणं शक्य नाही. किशोरीताई तर मोगूबाईंची मुलगी. आईकडे शिकून आईसारखं गायल्या नाहीत. आणि मी नक्कल कुणाची करत होते, बघा!

पट्टी बदलून मागा. 'आमच्याकडे चालत नाही' म्हणणारा गुरू कितीही मोठा असो, गळा तुमचा जातो. तीस दिवसांत गोड आवाज विकणाऱ्यांना तर एक रुपया देऊ नका. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर हळद-दुधावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

यंदा चवथीला भजनाच्या वेळी पेटीवाल्या काकांनी सवयीने काळी पाच दिली.

"पांढरी पाच, काका."

"इतली सकयल?" म्हणजे इतकी खाली?

"हय."

त्यांनी भुवया उंचावल्या, पण दिली.