रोहित्राचा न्यूट्रल: जोडणी कशी करावी, कशी तपासावी

रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) 400 व्होल्ट बाजूचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत येण्याची तार, जमिनीला जोडलेला असतो, म्हणून 'न्यूट्रल ढिला असला तरी अर्थिंग आहेच' असं सर्रास म्हटलं जातं. फेजची तार जमिनीला टेकली असं धरून आकडे मांडून पाहा. रोहित्राचं अर्थिंग 5 ओहम, बिघाडाच्या जागचं 5 ओहम. 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपिअर. 100 अँपिअरचा फ्यूज एवढ्याने उडत नाही. जमीन ही न्यूट्रलची बदली तार नव्हे.

काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडा, तारा मृत असल्याची खात्री करा आणि तात्पुरतं अर्थिंग लावा. न्यूट्रल बुशिंगपासून (टाकीबाहेर आलेल्या न्यूट्रलच्या टोकापासून) दोन स्वतंत्र पट्ट्या दोन वेगळ्या इलेक्ट्रोडपर्यंत, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या रॉडपर्यंत, न्या. टाकीलाही दोन जोडण्या हव्यात. रॉड 3 मीटरचे असतील तर दोघांत किमान 6 मीटर अंतर ठेवा. जवळ ठोकलेले रॉड एकाच मातीत करंट सोडतात आणि दुसऱ्याचा फायदा घटतो. लाइटनिंग अरेस्टरची (आकाशातल्या विजेचा झटका जमिनीत सोडणाऱ्या उपकरणाची) तार आखूड, सरळ, काटकोनी वळण नसलेली असावी.

बिघाड बहुतेक वेळा लगजवळच (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाजवळ) निघतो. तांब्याच्या बुशिंगवर अ‍ॅल्युमिनियमची केबल थेट आवळली की ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम गंजतं, सांधा तापतो, आणखी ढिला होतो. बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला) वापरा. अ‍ॅल्युमिनियम वायर ब्रशने घासून लगेच जॉइंटिंग ग्रीस लावा. न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकट्या न्यूट्रलचा स्विच कधीच नको. जोडताना न्यूट्रल आधी, सोडवताना सर्वांत शेवटी.

न्यूट्रलचा हा सांधा सुटला तर काय होतं? एका फेजवर 1000 वॅटचा हीटर, दुसऱ्यावर 200 वॅटचे दिवे धरा. दोन्ही 400 व्होल्टवर एकामागोमाग जोडले जातात: दिव्यांवर सुमारे 333 व्होल्ट, हीटरवर 67. काही घरांत दिवे लख्ख, काहींत मंद, अशी तक्रार आली की आधी न्यूट्रल पाहा.

अर्थिंगचा रोध (ओहम) मोजताना अर्थिंगच्या रॉडपासून करंटचा खुंट 30 मीटरवर आणि व्होल्टेजचा 18.6 मीटरवर ठोका. मधला खुंट 3 मीटर पुढे-मागे करा. आकडा बदलत असेल तर करंटचा खुंट आणखी लांब न्या. रोहित्र चालू असताना न्यूट्रलची अर्थिंग पट्टी सोडवू नका, मोकळ्या टोकांत घातक व्होल्टेज येऊ शकतं. क्लॅम्प टेस्टरने (पट्टीभोवती चिमट्यासारखं अडकवून मोजणाऱ्या यंत्राने) पट्टी सोडवावी लागत नाही, पण आकडा अगदी शून्याजवळ आला तर खूश होऊ नका: बहुधा तो मातीचा नसून दोन पट्ट्यांच्या धातूच्या वेढ्याचा असतो.