कोल्हापूरच्या गच्चीवर ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही: निवड, बांधणी, जुळणी

१६०, ८० आणि ४० मीटर तरंगलांबीचे पट्टे हे हौशी रेडिओचे लो-बँड. हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना नुकताच हातात आला असेल, तर सुरुवात ४० मीटरपासून करा. आपल्याकडे या बँडची हद्द ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ आहे. इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा तारेचा अँटेना, एका रविवारी बांधून होतो आणि गच्चीवर मावतो.

निवडण्याआधी एक ठरवा: बोलायचं कुणाशी? पुणे, गोवा, बेळगाव, मुंबई हवं असेल तर लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनमंडलावरून खाली आल्या पाहिजेत. त्यासाठी मध्य ६ ते १२ मीटरवर असलेला इन्व्हर्टेड व्ही उत्तम. २० मीटरवर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतक्या उंचीवर नेलेला आडवा डायपोल (मधून जोडलेली दोन बाजूंची सरळ तार) डोक्यावरच्या दिशेला फारच कमी ऊर्जा पाठवतो. दूरचा देश मिळतो, सातारा हरवतो. त्यामुळे दुमजली घराची गच्ची आणि वर ६ मीटरचा खांब एवढी उंची पुरते. व्हर्टिकलच्या, म्हणजे उभ्या अँटेनाच्या, नादी गावात लागू नका. त्याला खाली चहूकडे पसरलेल्या रेडियल तारांचं जाळं लागतं आणि तो आसपासचा विजेचा गोंगाटही जास्त उचलतो.

गोंगाट लो-बँडवर फार छळतो. खांब उभारण्याआधी बॅटरीवर रिग (रेडिओ संच) लावून ७.१ मेगाहर्ट्‌झवर ऐका, मग घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम उतरली तर गुन्हेगार घरातच आहे: एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, सोलर इन्व्हर्टर किंवा चार्जर. उद्यमनगरसारख्या भागात वेल्डिंग आणि मोटारींचे ड्राइव्ह असतात, तिथे अँटेना कारखान्याच्या बाजूपासून जमेल तितका लांब न्या.

सामान: १.५ चौरस मिमीची बहुतारी पीव्हीसी वायर २२ मीटर, मधल्या जोडासाठी ॲक्रिलिकची पट्टी आणि कोॲक्स जोडायला एसओ-२३९ सॉकेट, टोकांना अंड्याच्या आकाराचे दोन इन्सुलेटर (स्टे-वायरचे, इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात), पॉलिएस्टरची दोरी, कप्पी, रिगपर्यंत न्यायला आरजी-५८ कोॲक्स (मधे तार, बाहेर जाळी असलेली केबल), एफटी-२४०-३१ फेराइट रिंग. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि उन्हात कुजते, ती टाळा. बांबू चालतो, पण एक-दोन पावसाळ्यांनंतर बदलावा लागतो. दीड इंची जीआय पाइप टिकतो. पाइप टाकीच्या खांबाला दोन यू-क्लॅम्पनी आवळा आणि तीन बाजूंनी ताण द्या.

लांबीचं गणित: १४३ (अर्ध्या तरंगलांबीच्या तारेसाठीचा ठरलेला आकडा) भागिले मेगाहर्ट्‌झमधली वारंवारिता ७.१, म्हणजे एकूण २०.१४ मीटर, प्रत्येक बाजू १०.०७. पीव्हीसीच्या आवरणामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच लागते, तरी सुरुवातीला प्रत्येक बाजू १०.४ मीटर ठेवा आणि वर इन्सुलेटरच्या गाठीपुरती वायर सोडा. वायर पट्टीतल्या तीन भोकांतून ओवून घ्या म्हणजे ओढ भोकांवर येते, डाखावर नाही. कोॲक्सचे १२ फेरे फेराइट रिंगवर घेऊन ती मध्याजवळच बांधा. ही चोक, म्हणजे बाहेरच्या जाळीवरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी, नसेल तर कोॲक्सची बाहेरची जाळीही अँटेना बनते: माइकला झटके बसतात आणि घरातली खरखर थेट रिसिव्हरमध्ये येते.

मध्य गच्चीपासून ६ मीटर, टोकं २.२ मीटरवर धरली तर टोकापासून टोकापर्यंत सुमारे साडेअठरा मीटर जागा लागते. गच्ची लहान असेल तर शेवटचा दीड मीटर खाली लोंबू द्या, बिघडत नाही. दोन बाजूंमधला कोन मात्र ९० अंशांहून कमी करू नका. टोकांवर, लोंबत्या टोकांवरही, प्रसारणाच्या वेळी मोठा व्होल्टेज असतो, तिथे कुणाचा हात पोचता कामा नये. मळ्यात बांधत असाल तर उसाच्या भरलेल्या ट्रॉलीची वाट टाळा. महावितरणची लाइन जवळ असेल तर खांब पडला तरी तिला लागणार नाही इतकं अंतर हवंच.

आता जुळणी. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती ऊर्जा परत येते याचं माप, १ सर्वात चांगला. समजा तो ७.१० ऐवजी ६.८० मेगाहर्ट्‌झवर किमान दिसला. दोन्ही बाजू ५ सेमीनं कमी केल्या की साधारण ३५ किलोहर्ट्‌झ वर सरकतं, म्हणजे ३०० किलोहर्ट्‌झसाठी प्रत्येकी ४३ सेमी. एकदम तेवढं कमी करू नका. आधी ३५ सेमी मागे दुमडून वायरलाच घट्ट पीळ द्या, मोजा, मग पुढे. खांब प्रत्येक वेळी त्याच उंचीवर चढवून मोजा. गच्चीच्या स्लॅबमधली सळई आणि पत्रा आकडा बदलतात.

कोल्हापुरात सगळ्यात जास्त अँटेना पाऊस मारतो. कनेक्टरवर आधी रबरी स्प्लायसिंग टेप निम्म्या रुंदीपर्यंत ताणून गुंडाळा, त्यावर काळी पीव्हीसी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्याचं ॲसिड तांबं खातं. कोॲक्स घरात घेण्याआधी खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळतं.

पाणी शिरलेल्या कोॲक्सची खूण फसवी असते: एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा दिसतो आणि सिग्नल पडतो, कारण परतणारी ऊर्जा केबलच गिळते. गणपतीनंतर कोॲक्सचं वरचं टोक अँटेनापासून सोडून मोकळं ठेवा आणि खालून अँटेना ॲनालायझरनं ७.१ वर मोजा, रिगनं नव्हे. २० मीटर चांगल्या आरजी-५८ ला सुमारे ११ एसडब्ल्यूआर यायला हवा. ४ च्या खाली आला तर केबल बदला.

अंधार पडला की पुण्याचा आवाज ४० वरून बऱ्याचदा नाहीसा होतो. तेव्हा ८० मीटर लागतो: त्याच मध्यातून प्रत्येकी १९.८६ मीटरची दुसरी जोडी काढा, दोन्ही जोड्यांच्या टोकांत निदान अर्धा मीटर अंतर ठेवा, आणि आधी ८० जुळवा, मग ४०.

एप्रिल-मेमध्ये वळीव येण्याआधी कोॲक्स रिगपासून काढून घराबाहेर ठेवा, खांबाला वेगळी अर्थिंग सळई द्या आणि ती घराच्या अर्थिंगला जाड तारेनं जोडा. गडगडाट सुरू झाल्यावर कोॲक्स सोडायला जाऊ नका.