विंडोज 11 साठी स्टुडंट डिस्काउंट शोधताय? आधी हे चेक करा

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तेव्हापासून नाशिकच्या कॉलेजांत, के के वाघ म्हणा, संदीप म्हणा, मेट म्हणा, पोरांचा प्रश्न तोच, 11 वर जायचंय तर स्टुडंट डिस्काउंट कुठे मिळेल? तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, लॅपटॉपवर ओरिजिनल विंडोज 10 असेल आणि मशीन 11 ला चालणारं असेल तर अपग्रेडला एक रुपयाही लागत नाही. डिस्काउंटचा विषयच नाही, सरळ फुकट. स्टुडंट डिस्काउंटची गोष्ट जुन्या काळातली आहे, 2009 ला विंडोज 7 आलं तेव्हा अमेरिकेत स्टुडंट्सना 29.99 डॉलरला अपग्रेड मिळत होतं कारण तेव्हा नव्या व्हर्जनवर जायला खरंच पैसे पडायचे. आता कोणी ग्रुपवर स्टुडंट ऑफर म्हणून विंडोज 11 अपग्रेडची लिंक टाकली तर यूपीआय उघडायच्या आधी पुढचं वाचा.

पहिलं काम म्हणजे आपल्याकडे लायसन्स कुठलं आहे ते बघणं. सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशनच्या पानावर अॅक्टिव्ह दिसतं, पण तेवढ्यावर जाऊ नका. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून उघडा, एसएलएमजीआर टाइप करा, एक स्पेस, मग स्लॅश आणि लगेच डीएलआय, एंटर. काही सेकंदांनी छोटी विंडो येते, त्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत ओईएम दिसलं तर विंडोज लॅपटॉपसोबत कंपनीकडूनच आलंय, रिटेल दिसलं तर बहुधा वेगळं विकत घेतलेलं, आणि व्हॉल्यूम केएमएस क्लायंट असं काही दिसलं तर मात्र जरा बसून विचार करायचा. केएमएस हे मोठ्या ऑफिस आणि युनिव्हर्सिट्यांसाठी असतं, त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून अॅक्टिव्हेशन होतं आणि एका वेळी ते 180 दिवसच टिकतं, मग परत रिन्यू. आता घरच्या लॅपटॉपला असा सर्व्हर कुठून येणार? म्हणजे बहुतेक कोणीतरी अॅक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स नसताना विंडोज अॅक्टिव्ह करणारा क्रॅक, चालवलेला आहे. तीच कमांड डीएलआयच्या जागी एक्सपीआर लिहून चालवली की अॅक्टिव्हेशन कायमचं आहे की त्याला तारीख आहे तेही कळतं.

माझ्या मावसभावाने सेकंडहँड लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला ओरिजिनल विंडोज आहे दादा, लाइफटाइम, आणि बिलावर फक्त लॅपटॉप एक नग एवढंच लिहून दिलं. घरी आणून ही कमांड टाकली तर केएमएस. मग मी त्याला म्हटलं थांब, हा कंपनीचा लॅपटॉप आहे, याच्या मदरबोर्डमध्ये मूळची की, म्हणजे लायसन्सचा कोड, असणार. आणि होतीच. गेल्या दहा बारा वर्षांतल्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपमध्ये की बायोसमध्येच (मदरबोर्डच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) साठवलेली असते, त्यामुळे बॉक्सवर आलेली एडिशन, म्हणजे होम असेल तर होम, नीट क्लीन इन्स्टॉल केली की नेटला जोडल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट होते. लायसन्स आधीपासून त्याचंच होतं आणि वरून कोणीतरी क्रॅक मारून ठेवला होता. फक्त मूळचं विंडोज 7 किंवा 8 चं मशीन असेल तर ही युक्ती चालत नाही, त्या जुन्या की वर फुकट 10 किंवा 11 मिळायचं ते मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2023 ला बंद केलं.

मग मशीन 11 ला चालतं का ते बघायचं. पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचंच फुकट अॅप आहे, ते चालवा, हो किंवा नाही कारणासकट सांगतं. 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, टीपीएम 2.0 (सिक्युरिटीची चिप) आणि सिक्युअर बूट लागतं, पण खरं अडतं प्रोसेसरपाशी. इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा हवा. आय फाइव्हच्या पुढे 8250 लिहिलंय तर चालतो, 7200 लिहिलंय तर नाही, आणि आय थ्री 6006 वाले लॅपटॉप तर आपल्याकडे चिक्कार विकले गेलेत, ते सगळे बाहेर. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे घेण्याआधीच बघा, कारण थिंकपॅड टी 470 आणि टी 480 शेजारी ठेवले तर दिसायला भाऊभाऊ, पण 470 ला 11 ऑफिशियली चालत नाही आणि 480 ला बहुतेक वेळा चालतं (त्यातही काही सातव्या जनरेशनचे आहेत, म्हणून स्टिकर नको, सेटिंग्जमधलं अबाउटचं पान उघडून दाखवायला सांगा).

असेंबल्ड डेस्कटॉपवाल्यांना टीपीएम नाही असा मेसेज आला तर लगेच नवीन मदरबोर्डचं कोटेशन घ्यायला पळू नका, बऱ्याचदा ते बायोसमध्ये नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम, ते एनेबल करायचं की झालं. पण बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघून रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर चालू करताना 48 आकडी की मागेल आणि ती नसेल तर डेटा गेला समजा.

आता खरा स्टुडंट फायदा कुठे आहे ते सांगतो. तो दुकानात नाही, तुमच्या कॉलेजच्या ईमेल आयडीत आहे. इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर अशा कोर्सवाल्या कॉलेजांना मायक्रोसॉफ्टचा अझ्युअर डेव्ह टूल्स फॉर टीचिंग नावाचा प्रोग्राम घेता येतो, पूर्वी याचंच नाव ड्रीमस्पार्क होतं, मोठ्या भावंडांना आठवेल. कॉलेजने तो घेतलेला असेल तर स्टुडंटला अझ्युअरच्या एज्युकेशन हबमध्ये कॉलेजच्या आयडीने लॉगिन करून सॉफ्टवेअरच्या यादीतून विंडोज एज्युकेशनची की फुकट मिळते. ती सेटिंग्जमध्ये चेंज प्रॉडक्ट की मध्ये टाकली की होमचं एज्युकेशन होतं, फॉरमॅट मारावं लागत नाही. ही की शिकण्यासाठी आहे, काकांच्या दुकानाच्या बिलिंग पीसीवर टाकायची नाही.

अडचण अशी की कॉलेजकडे हे आहे का तेच बहुतेकांना माहीत नसतं. वर्गातल्या मित्रांना विचारून उपयोग नाही, कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या लॅब असिस्टंटला किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांना गाठा आणि नीट शब्दांत विचारा, सर आपल्या कॉलेजचं मायक्रोसॉफ्टचं अॅकॅडमिक सबस्क्रिप्शन आहे का, आणि स्टुडंट आयडी कोण बनवून देतं? नुसतं विंडोज फुकट मिळेल का विचारलं तर नाही असंच उत्तर येणार. सर नाही म्हणाले तरी ईमेल आयडी तरी मागून घ्याच, कारण कॉलेजने ऑफिस 365 एज्युकेशनला नोंदणी केली असेल तर त्यावर वेब वर्ड आणि एक्सेल फुकट मिळतं. ज्या साइट कॉलेजचा ईमेल नसेल तर कागद मागतात तिथे आयकार्ड किंवा चालू वर्षाचं बोनाफाइड लागतं, आणि त्यावरचं नाव अकाउंटच्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची पद्धत आहे त्यामुळे इथेच रिजेक्ट होतं, म्हणून अकाउंट बनवतानाच बोनाफाइडवर आहे तसं नाव टाका.

होमच्या वरची एडिशन, विंडोज प्रो घ्यावं का असंही पोरं विचारतात. माझं मत, स्वतःच्या पैशाने अजिबात नको. डॉकर होमवर डब्ल्यूएसएल टू (विंडोजच्या आतलं लिनक्स) मधून चालतं, व्हर्च्युअलबॉक्स चालतं, मराठी कीबोर्ड होम सिंगल लँग्वेजवरही येतो, त्यात फक्त सिस्टीमची भाषा बदलत नाही. हायपर व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीन) किंवा दुसरीकडून आपल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉप घेणं खरंच लागत असेल तरच प्रो, आणि त्या आधी वरची एज्युकेशनची की बघा कारण तिच्यात हे सगळं येतं.

आणि ऑनलाइन, ग्रुपवर विकतात त्या चारशे पाचशे रुपयांच्या विंडोजच्या की. त्यात बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधली की असते, एकच की शंभर जणांना विकलेली, आज अॅक्टिव्हेट होईल आणि मायक्रोसॉफ्टने ब्लॉक केली की उद्या बंद, विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झालेला. अॅक्टिव्हेटर त्याहून वाईट, आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतो, आणि त्याच लॅपटॉपवरून आपण फी भरतो, स्कॉलरशिपचा फॉर्म भरतो, घरच्यांचं नेटबँकिंग उघडतो. विकत घ्यायचंच असेल तर जीएसटी बिल मागा आणि बिलावर विंडोजची एडिशन लिहून घ्या.

मशीन 11 ला चालतच नसेल तर घाबरू नका. विंडोज 10 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सिंक चालू केला तर फुकट, नाहीतर 1000 रिवॉर्ड्स पॉइंट किंवा 30 डॉलर. मशीनवर 22 एच 2 व्हर्जन हवं, मग विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक दिसते. दुसरा रस्ता उबंटू, म्हणजे फुकटचं लिनक्स, त्याच्या 24.04 ला 2029 पर्यंत सपोर्ट आहे आणि कोडिंगवाल्यांना विंडोजची आठवणही येणार नाही. पण सिव्हिल मेकॅनिकलचं ऑटोकॅड आणि कॉमर्सचं टॅली त्यावर सरळ चालत नाही, त्यांनी उबंटू टाकायचं तर शेजारी विंडोज ठेवूनच. मॅकवाल्यांना हा प्रश्नच नाही, 2013 पासून मॅकचं ओएस अपग्रेड फुकट आहे, अॅपलचा स्टुडंट डिस्काउंट मशीन घेताना मिळतो.

प्रत्यक्ष अपग्रेड करताना डेटा आधी बाहेर काढा, प्रोजेक्टचा फोल्डर तरी पेनड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर दोन्हीकडे. डाउनलोड काही जीबीचं असतं, मोबाइल डेटावर बसू नका, आणि चार्जर लावून ठेवा, पावसाळ्यात सिडको सातपूरकडे लाइट गेली आणि बॅटरी जुनी असली तर मध्येच बंद पडेल. झाल्यावर प्रिंटर, वायफाय आणि कॉलेजचं जे सॉफ्टवेअर लागतं ते त्याच दिवशी चालवून बघा, कारण नाही पटलं तर रिकव्हरीच्या पानावरून 10 वर परत जाता येतं पण ते बटण फक्त दहा दिवस राहतं. म्हणून सबमिशन किंवा प्रॅक्टिकलच्या आठवड्यात हे काढूच नका.